‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती गुड?

लेस्टरहून एक आई लिहितात: “आधी आम्ही न्यू जर्सीत होतो. इथल्या रिपोर्टमध्ये मुलीचं लिखाण ‘क्वाइट गुड’ असल्याचं वाचलं आणि मी लगेच सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला. पेरेंट्स इव्हिनिंगला मात्र बाई म्हणाल्या, घरी सराव घ्या. मग आधी कौतुक कशाला केलं?”

अहो, कौतुक केलंच कुठे होतं? अमेरिकेत ‘क्वाइट गुड’ म्हणजे छानच. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा ‘बरं आहे’. त्यातून ‘क्वाइट’वर जोर दिला तर ‘बरं आहे, पण…’! बोलताना सुरावरून अंदाज येतो. कागदावर तोही नाही. आणि गंमत बघा, ‘क्वाइट राइट’, ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हटलं की तोच शब्द इथेही ‘अगदी’ होतो.

आमच्या ह्यांना साहेब एकदा ‘क्वाइट अ गुड एफर्ट’ म्हणाले. स्वारी आठवडाभर खुशीत! मी म्हटलं, जरा दमानं घ्या. अप्रेझलमध्ये सुधारणांची यादीच हातात पडली. उलट, शिकागोतल्या भाच्याला त्याच्या शिक्षकांनी ‘क्वाइट गुड’ दिलं, तर माझ्या जाऊबाईंनी (त्यांचा जन्म लंडनमध्ये गेलाय) फोनवरून त्यालाच फैलावर घेतलं. पोरगं बिचारं बक्षीस मागत होतं.

परक्या देशात लेकीबद्दल चार बरे शब्द वाचले की अंगावर मूठभर मांस चढतं, हे मला कळतं. पण फोटो पाठवायच्या आधी पुढच्या ओळी तरी वाचायच्या! इंग्लंडमध्ये प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे इयर सिक्सला, लिखाणासाठी ‘वर्किंग टुवर्ड्स’, ‘एक्स्पेक्टेड स्टँडर्ड’, ‘ग्रेटर डेप्थ’ असे शेरे असतात. ‘वर्किंग टुवर्ड्स’ कानाला गोड लागतं, पण अर्थ एवढाच की गाडी अजून पोचलेली नाही. वाचन-गणिताच्या सॅट्सचा, म्हणजे त्याच वर्षीच्या सरकारी चाचण्यांचा, स्केल्ड स्कोअर (ठरावीक मापावर बसवलेले गुण) 80 ते 120 असतो. तिथे 100 आले तर पैकीच्या पैकी समजू नका. ती फक्त अपेक्षित पातळी. बाईंना सरळ विचारा, “तिच्या वहीतलं एक पान दाखवा आणि काय कमी आहे ते सांगा.” वही उघडली की त्या स्पष्ट बोलतात, हा माझ्या दोन्ही मुलांच्या वेळचा अनुभव आहे.

पत्रातल्या बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. सासूबाई इथे किती दिवस राहू शकतील, असं विचारलंत. त्यांना व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं, तेव्हा परतीचं तिकीट काढून ठेवा. लेक मराठीत उत्तर देत नाही म्हणता? देऊ दे इंग्रजीत, तुम्ही मराठी सोडू नका.