विराट विश्व आणि एक देह

प्रश्न : विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे असून त्यात असंख्य दीर्घिका आहेत, असे विज्ञान सांगते. अशा विश्वाचा निर्माता एका लहानशा ग्रहावर मनुष्य झाला, या ख्रिस्ती सिद्धांतातून जीवनाविषयी आणि विश्वाविषयी नेमके काय कळते? शिवाय देहधारण आणि अवतार यांत फरक तो कोणता?

उत्तर : आकाराचा मुद्दा आधी घेतो, कारण पुष्कळांचे पाऊल तिथेच अडखळते. देव ही फार मोठ्या आकाराची एखादी वस्तू आहे असे मानले, तरच तो लहान जागी कसा मावणार, अशी अडचण उभी राहते. ख्रिस्ती परंपरा देवाला तसे मानत नाही. ज्याला आकारच नाही, त्याला दीर्घिका जवळची आणि तान्हे मूल दूरचे, असे काही नसते.

बायबलमधले योहानकृत शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारा ग्रंथ, 'प्रारंभी' या शब्दाने सुरू होते आणि पहिल्याच अध्यायात 'शब्द देही झाला' असे सांगते; 'शब्द' म्हणजे येशूच्या रूपाने मनुष्य झालेला देव. मूळ ग्रीकमधल्या 'लोगोस'मध्ये उच्चारलेला शब्द, बुद्धी आणि वस्तुमात्रातली सुसंगती असे अनेक अर्थ सामावलेले आहेत. 'देही' हे भाषांतर मात्र मला जरा सौम्य वाटते, कारण मूळ शब्दाचा सरळ अर्थ मांस असा आहे, म्हणजे जे थकते, भुकेजते, जखमी होते आणि शेवटी मरते ते. ज्या सुसंगतीमुळे हे विश्व आपल्याला समजू शकते, तीच थकणाऱ्या मांसात उतरली, असे योहान म्हणतो.

आता शरीराकडे पाहा. आपल्या रक्ताला लाल रंग देणारे लोह आणि हाडांतले कॅल्शियम ताऱ्यांच्या जीवनक्रमात घडले. पाण्यातला हायड्रोजन तर विश्वाच्या अगदी आरंभकाळचा. येशूचा देह खरोखर मानवी होता, तर त्याच्या रक्तातले लोहही तिथूनच आले. त्यामुळे एक देह धारण करणे म्हणजे विश्वाच्या साऱ्या इतिहासाशी नाते जोडणे होय. डॅनिश धर्मशास्त्रज्ञ नील्स ग्रेगर्सन यांनी २००१ साली या विचाराला 'सखोल देहधारण' असे नाव दिले.

इ. स. ४५१ मधील कॅल्सेडनच्या परिषदेने, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या सभेने, ठरवले की ख्रिस्तामध्ये दैवी आणि मानवी स्वभाव मिसळत नाहीत, बदलत नाहीत, विभागले जात नाहीत आणि विलगही होत नाहीत. हे चार नकार वरवर कोरडे वाटतात, पण विश्वाकडे पाहण्याची मला सापडलेली सर्वांत उपयोगी किल्ली त्यांतच आहे. देव जवळ आला म्हणून माणूस कमी माणूस होत नाही. तसेच एखाद्या घटनेचे नैसर्गिक कारण सापडले म्हणून देव तिथून हटत नाही. दोघांत जागेसाठी ओढाताण नाहीच.

मनाच्या बाबतीतही हेच. ख्रिस्ताचे शरीर मानवी असले तरी त्याच्यात मानवी बुद्धीची जागा दैवी शब्दाने घेतली होती, असे अपोलिनारिस हा धर्माध्यक्ष म्हणत असे. नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मशास्त्रज्ञाने त्याला चौथ्या शतकात उत्तर दिले, त्याचा आशय असा : जे धारण केले गेले नाही, ते बरेही झालेले नाही. म्हणून आपली भीती, संभ्रम, हळूहळू शिकणे, हे सारे त्यात येते. भर दुपारी प्रवासाने थकून येशू विहिरीपाशी बसला आहे, पाणी काढायला त्याच्याकडे काही नाही आणि परक्या समाजातल्या स्त्रीकडे तो 'मला प्यायला दे' असे मागतो, हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. निर्मात्याची तहान इथे खरी आहे. दुःख का आहे, याचे स्पष्टीकरण या सिद्धांतातून मिळत नाही. ते देवाला बाहेरून ठाऊक असलेली गोष्ट नाही, एवढे मात्र मिळते, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला ते थोडके नसते.

राहिला अवताराचा प्रश्न. विष्णूच्या अवतारकल्पनेत देव युगायुगांत पुन्हा पुन्हा प्रकट होतो. देहधारण मात्र एकदाच घडते, आणि धारण केलेला देह मागे टाकला जात नाही. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून पुन्हा उठल्यावर, येशू शिष्यांना आपले हातपाय दाखवतो, खायला मागतो आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात. प्रेषित पौलही बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सारी सृष्टी कण्हत असून तिची नाशाच्या दास्यातून मुक्तता होणार आहे असे सांगतो. तिच्यापासून सुटका करून घ्यायची आहे, असे तो म्हणत नाही.