आधी विचारायचं, मग तेल तापवायचं

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची, डिचोलीची. कळंगुटच्या एका हॉटेलच्या स्पामध्ये चार वर्षं ‘होलिस्टिक स्कॅल्प केअर’ करते. वाफ, तेल, मसाज. दिवसाला सात-आठ डोकी. पाहुणे येतात, झोपतात, जातात, पुन्हा दिसत नाहीत. वर प्रत्येकाला महागडी बाटली विकायची. सासूबाई म्हणतात, “दुसऱ्यांचा कोंडा काढण्यापेक्षा ऑफिसात बस.” आता हात चालतात, मन लागत नाही. काय करू?

उत्तर : फोंड्यात मी हेच काम २२ वर्षं करतेय, आणि माझीही सुरुवातीची काही वर्षं अशीच गेली. मग एक बाई आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गळलेले केस, रोजची वेगळी पुडी, वर तारीख. मी माक्याचं तेल तापत ठेवलं होतं. सहज विचारलं, दोन-तीन महिन्यांपूर्वी आजारी होता का? डेंग्यू झाला होता. मोठ्या तापाचे केस तापात गळत नाहीत. धक्क्याने बऱ्याच केसांची वाढ एकदम थांबते आणि दोन-तीन महिन्यांनी ते हातात येतात. बाळंतपणानंतरही तेच. तोवर माणूस ताप विसरतो आणि शाम्पूला, नाहीतर विहिरीच्या पाण्याला दोष देतो. त्यांना म्हटलं, तेल घेऊ नका. बहुतेक केस परत येतील, काही महिने लागतील. एकदा डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. त्या तिथेच रडायला लागल्या. घरात कुणी ती पिशवी बघायलाच तयार नव्हतं. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ बसून राहिले.

तेव्हापासून मी आधी विचारते.

आपल्या डोक्याची मागची बाजू कुणालाच दिसत नाही गं, ती तुला दिसते. नाण्याएवढी गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई असू शकते. लहान मुलाच्या डोक्यात खवले आणि तुटके केस असले तर गजकर्णाची शंका घे. हात थांबव, त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठव. परत न येणारा पाहुणाही “मागे चकती आहे, दाखवून घ्या” एवढं तुझं वाक्य घेऊन घरी जातो.

कोंड्याचं मुद्दाम सांगते. टाळूवरच्या यीस्टला, म्हणजे कोंडा वाढवणाऱ्या बारीक बुरशीला, तेलकटपणा मानवतो, म्हणून कोंड्यावर रात्रभर तेल मुरवणं उलटतं. माझ्या आईला हे पटवायला मला दोन पावसाळे लागले! खोबरेल, माका, जास्वंद मला मनापासून प्रिय आहेत. धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसांची झीज कमी करतं, केस मऊ राहतात. पण टकलावर त्याने केस उगवतात असं मी कुणाला सांगितलेलं नाही. बाटली विकायची असली तरी तूही सांगू नकोस. मालक कुरकुरेल. कुरकुरू दे.

सासूबाईंशी वाद नको. रविवारी त्यांना पाटावर बसव, भांग पाडून टाळू नीट बघ, झोप कशी लागते ते विचार.

नोकरी एवढ्यात सोडू नकोस. एक वही कर : काय दिसलं, काय विचारलं, कुठे पाठवलं. जूनमध्ये हॉटेलातली गर्दी ओसरली की ती वही घेऊन दोन दिवस फोंड्याला माझ्याकडे ये.