व्याजदर सोडा, मुदत वाढवून घ्या

अमेरिकेतल्या एका वाचकाचे पत्र आहे. आठ फ्लॅटची जुनी इमारत 8 लाख डॉलरला मिळते आहे. 1 लाख 60 हजार डाउन पेमेंट, उरलेले 6 लाख 40 हजार विकणारा मालकच 6 टक्क्यांनी देणार. तीन वर्षे नुसते व्याज, मग सगळे मुद्दल एकरकमी. 80 हजार घालून फ्लॅट सुधारले की एका फ्लॅटचे भाडे महिना 900 वरून 1,200 होईल. परतावा 33 टक्के दिसतो. व्याज साडेपाचवर आणायला सांगू का?

सांगा. वर्षाला 3,200 वाचतील. पण तुमची अडचण ती नाही.

आधी ते 33 टक्के. तुम्ही प्रॉपर्टी टॅक्स आणि विमा धरलात. रिकामे महिने, बुडालेले भाडे, दुरुस्ती, मॅनेजर, छपराची तरतूद धरलीच नाही. जुन्या इमारतीत टॅक्स-विम्यासकट या सगळ्यात भाड्याचे 45 टक्के जातात असे धरा. वर्षाच्या 1 लाख 15 हजार भाड्यातले 63 हजार उरतात, मालकाचे व्याज 38, हातात 25 हजार. गुंतवणूकही 2 लाख 40 हजार आहे, कारण सुधारणेचा खर्चही तुमचाच. म्हणजे जेमतेम दहा टक्के, तेही काम संपून सगळे फ्लॅट भरल्यावर. सेमिनारमध्ये विकतात त्या तक्त्यांत नेमके हेच रकाने नसतात, याची मला चीड येते.

आता पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेले वाक्य: हे 2 लाख 40 हजार तुम्ही राहत्या घरावर 8 टक्क्यांनी उचलणार. त्याचे व्याज 19 हजार. 25 मधून 6 उरले!

आणि तिसऱ्या वर्षी 6 लाख 40 हजार कुठून आणणार? 'रिफायनान्स करू', म्हणजे बँकेचे नवे कर्ज काढून मालकाचे फेडू, म्हणता. बँका सहसा निव्वळ उत्पन्न हप्त्याच्या सव्वापट मागतात. 63 हजारांवर, 7 टक्के आणि 25 वर्षे धरून, सुमारे 5 लाख 90 हजार मिळतील. सगळे मनासारखे होऊनही 50 हजार कमी. भाडे 1,050 वरच अडले, तर सव्वा लाखाच्या आसपास कमी. तेवढे भरता आले नाहीत, तर मालक जप्ती आणून तुम्ही सुधारलेली इमारत परत घेऊ शकतो, आणि घरावरचे कर्ज तुमच्याच डोक्यावर राहते.

म्हणून 6 टक्के राहू द्या, मुदत दहा वर्षे मागा. इमारतीवर मालकाचे जुने बँक कर्ज आहे का तेही तपासा; असेल तर विक्री होताच ती बँक सगळी रक्कम मागू शकते. आणि डाउन पेमेंट बचतीतून जमत नसेल, तर ही इमारत घेऊ नका.