कांद्यावरची काजळी आणि रक्तातली प्रतिपिंडे

प्रश्न : आमची लासलगावजवळ कांद्याची चाळ आहे. कांदा निवडताना सालीवरची काळी पूड रोज नाकातोंडात जाते. २०२१ मध्ये माझ्या चुलत्यांना करोनानंतर काळी बुरशी झाली आणि त्यांचा वरचा जबडा काढावा लागला. करोनाविरुद्ध होतात तशा बुरशीविरुद्धही रक्तात अँटिबॉडी तयार होतात का? आम्हाला त्या चाळीतच मिळाल्या असतील का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : कांद्यावरची काजळी म्हणजेच काळी बुरशी, हा गैरसमज आधी दूर करतो, कारण त्या उन्हाळ्यात तो घराघरांत पसरला होता. कांद्यावरची काजळी ॲस्परजिलस नायजर या बुरशीची असते. तुमच्या चुलत्यांना झालेला म्युकरमायकोसिस अगदी वेगळ्या गटातील बुरशांमुळे होतो; त्यात रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग काळा पडतो, म्हणून त्याला ‘काळी बुरशी’ हे नाव मिळाले.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडी, बुरशीविरुद्धही तयार होतात. बुरशीच्या पेशीभित्तीतील शर्करा व प्रथिने ओळखणाऱ्या बी पेशी (एक प्रकारच्या श्वेतपेशी) वाढतात आणि त्यांतून प्रतिपिंडे रक्तात येतात. कँडिडा ही बुरशी पुष्कळांच्या आतड्यात मुक्कामाला असल्यामुळे तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे ठणठणीत माणसातही सापडतात. मात्र प्रतिपिंड असले म्हणजे संरक्षण मिळालेच, असे बुरशीच्या बाबतीत म्हणता येत नाही. ज्या मुलांमध्ये जन्मतःच बी पेशी नसतात, त्यांना जिवाणूंमुळे वारंवार न्यूमोनिया होतो व कान वाहतात, परंतु बुरशीचे गंभीर आजार त्यामानाने विरळच. याउलट एचआयव्हीमुळे टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या श्वेतपेशी घटल्या की तोंडात पांढरा थर धरतो आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर होऊ शकतो. या दोन अनुभवांमुळे अनेक दशके बुरशीच्या आजारांत प्रतिपिंडांना फारसे कोणी विचारात घेतले नाही.

मला स्वतःला तो निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि त्याचे कारण याच क्रिप्टोकॉकसमध्ये आहे. रुग्णाच्या पाठीतून काढलेल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की काळ्या पार्श्वभूमीवर एक गोल पेशी आणि तिच्याभोवती स्वच्छ, उजळ वलय दिसते. ते वलय म्हणजे शर्करेचे कवच. त्यावरून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींची पकड निसटते. प्रतिपिंड त्या कवचाला चिकटले की पकड बसते. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारचे शुद्ध प्रतिपिंड तयार करण्याची पद्धत शोधली. पुढे अशी प्रतिपिंडे एकेक करून उंदरांवर तपासता आली, तेव्हा काहींनी उंदीर वाचवले, काही निरुपयोगी ठरली, तर काहींनी आजार उलट वाढवला. रुग्णाच्या रक्तात ही सगळी एकत्र असतात. मग रक्तद्रव टोचून केलेल्या जुन्या प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी निघाले, यात नवल नाही. प्रतिपिंड किती आहे यापेक्षा ते कुठे व कसे चिकटते, हे इथे महत्त्वाचे ठरते.

त्यामुळे चाळीत काम करणाऱ्याच्या रक्तात ॲस्परजिलसची प्रतिपिंडे आढळली, तरी ती त्या बुरशीशी संबंध आल्याची खूण समजावी, संरक्षण नव्हे. दम्याच्या काही रुग्णांमध्ये तर याच बुरशीविरुद्धचे ‘आयजीई’ प्रतिपिंड फुप्फुसाचा त्रास वाढवते. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेल्या पोकळीत ॲस्परजिलस वाढल्याचा संशय आला, तर डॉक्टर ‘आयजीजी’ या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडाची तपासणी सांगतात, तीही आजार ओळखण्यासाठी, प्रतिकारशक्ती मोजण्यासाठी नव्हे.

म्युकरला, म्हणजे म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरशीला, अडवण्याचे मुख्य काम न्यूट्रोफिल या श्वेतपेशी करतात, आणि वाढलेली रक्तशर्करा व स्टेरॉइड नेमक्या त्यांनाच दुबळे करतात. म्युकरच्या एका प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडांनी मधुमेही उंदरांचे रक्षण केल्याचे प्रयोग झाले आहेत, ही आशेची गोष्ट आहे. परंतु माणसांसाठी बुरशीविरुद्धची मान्यताप्राप्त लस अजून नाही. म्हणून अँटिबॉडीच्या तपासणीवर पैसे घालवण्याऐवजी घरातल्या सर्वांची रक्तशर्करा तपासून घ्या, कांदा निवडताना नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा, आणि कुणाला धाप लागत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवताना चाळीतल्या कामाबद्दल आवर्जून सांगा.