भालाफेकीचा हात घेऊन अमेरिकेत यायचं तर

वय 20, साताऱ्यात भाला फेकतोस, आणि अमेरिकेत बेसबॉलचा रिलीफ पिचर, म्हणजे मॅचच्या मध्येच आधीच्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जागी येणारा, व्हायचं म्हणून वडील अर्धा एकर विकायला निघालेत, असं लिहिलंस. आधी त्यांना थांबव. खेळाडू हवा असला तर करार क्लब करतो, व्हिसाचे कागदही क्लबच करतो. त्यासाठी लाखो रुपये मागणाऱ्या एजंटाच्या दारात उभा राहू नकोस.

मी 17 वर्षं पिट्सबर्गला आहे. इथल्या पायरेट्स या बेसबॉल क्लबने 2008 साली उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू करारावर घेतले, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. एका टीव्ही स्पर्धेतून आलेली पोरं, बेसबॉल नवाच. दिनेशला 2010 मध्ये सोडलं. डावखुरा रिंकू सिंगल-एपर्यंत, म्हणजे मेजर लीगच्या (सर्वोच्च लीगच्या) बऱ्याच खालच्या पायरीपर्यंत चढला, पुढे कोपराची शस्त्रक्रिया झाली. 2018 मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत, कुस्तीच्या शोमध्ये गेला. त्यांची जिद्द कमी होती, असं मला कधीच वाटलं नाही.

काम समजून घे. सुरुवात करणाऱ्या पिचरला आपला दिवस आधी ठाऊक असतो, रिलीफवाल्याला नाही. बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या सरावाच्या जागेत बसायचं, फोन आला की उठून हात गरम करायचा आणि मैदानात पहिल्याच चेंडूला पूर्ण जोर लावायचा. कितीदा तरी मी बघितलंय, पोरगा दोनदा गरम होतो आणि मॅच संपेपर्यंत बोलावणंच येत नाही. आकडेवारीत तो दिवस दिसत नाही, खांद्याला मात्र पूर्ण लागतो. पूर्वी एकाच फलंदाजापुरता डावखुरा पिचर आणत. 2020 पासून किमान तीन फलंदाज खेळवावे लागतात किंवा डाव संपवावा लागतो, त्यामुळे ती वाटही अरुंद झाली.

पैसा: 2023 च्या खेळाडूंच्या करारात सिंगल-एला वर्षाला किमान 26,200 डॉलर ठरले. राहण्याची सोय क्लब करतो. रुपयांत गुणून खूश होऊ नकोस, खर्चही डॉलरमध्येच होतो. मेजर लीगचं किमान वेतन 2025 मध्ये 7,60,000 डॉलर होतं, पण बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत. आणि क्लबने सोडलं की व्हिसाचा आधारही जातो.

म्हणून पदवी पूर्ण कर. दरम्यान धाव न घेता, पिचर टाकतो त्या 60 फूट 6 इंचांवरून, रोज मोजके चेंडू टाक. स्पीडगनवर वेग मोजून घे: मेजर लीगचा सरासरी फास्टबॉल ताशी 150 किलोमीटरच्या वर असतो. दहातले किती चेंडू नेमक्या जागी पडतात, तेही लिहून ठेव. तीन महिन्यांनी ती वही आणि बाजूने काढलेला व्हिडिओ मला पाठव.