बसच्या यादीत नसलेला थांबा

प्रश्न : ताई, माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. विशीच्या आत मुंबईला जाऊन गिरणीत लागले. परळला एका खोलीत आठ-नऊ जण राहायचे. ८२चा संप झाला, दोन वर्षं वाट बघितली आणि कराडजवळच्या आमच्या गावी परतले. त्यानंतर लग्नकार्याशिवाय मुंबईला गेले नाहीत. आता एका टूरवाल्याने ‘मुंबईचा राजकीय इतिहास : एक दिवस’ अशी सहल काढली आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, एसी बस, सोबत गाईड, जेवण धरून. यादीत गेटवे, हायकोर्ट, हुतात्मा चौक, मणिभवन, ऑगस्ट क्रांती मैदान आणि गिरगाव चौपाटी आहे. वडील म्हणतात, ‘मुंबई मला काय दाखवताय?’ नववीतला मुलगा म्हणतो, ‘नुसते पुतळेच असणार.’ मला मात्र तिघांनी मिळून जायचंय. वडिलांचे गुडघे दुखतात. जावं का? जायचं तर कसं? – एक वाचक, कराड

उत्तर : जा. पण वडील आणि मुलगा दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, हे मनात ठेवून जा.

मी गिरगावची. तेहतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत इतिहास शिकवला. अशा सहलींत शाळेची पोरं घेऊन गेले आहे, निवृत्तीनंतर पैसे भरून पाहुण्यांसोबतही गेले आहे. बस बरी असते, जेवण बेताचं असतं आणि गाईड कसा मिळेल ते नशिबावर. अडचण एकच. यादीतलं प्रत्येक ठिकाण दगडाचं किंवा ब्राँझचं असतं. तिथे जी माणसं होती, ती कुठून आली होती हे कुणी सांगत नाही. तुमच्या वडिलांना ते सांगता येईल. म्हणून त्यांना नुसतं प्रेक्षक म्हणून नेऊ नका.

हायकोर्टाचंच घ्या. १९०८च्या जुलैत टिळकांवर राजद्रोहाचा खटला तिथे चालला. न्यायमूर्ती दावर, नऊ जणांची ज्युरी, सात विरुद्ध दोन असा कौल आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. पुढे मंडाले. ज्युरीने काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचं उत्तर आज त्याच कोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. इथवर गाईड सांगतो आणि घड्याळाकडे बघतो. पण शिक्षा ऐकल्यावर परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या त्या सहा दिवस, शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस. पगारासाठी नाही, बोनससाठी नाही, एका संपादकाला तुरुंगात टाकलं म्हणून. हे तुमच्या मुलाला तिथे उभं राहून आजोबांच्या तोंडून ऐकू द्या. ७४ वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ला, त्याच गिरण्यांमधले जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले एक आजोबा होते. कोर्टाच्या आत जाता येईल का हे टूरवाल्याला आधीच विचारून घ्या. बहुतेक बसगाड्या बाहेरूनच बोट दाखवतात. बोट दाखवण्याचे पैसे देऊ नयेत असं माझं मत.

गेटवेला वेळ घालवू नका. पंचम जॉर्ज १९११ला उतरला तेव्हा ही कमान नव्हती, ती १९२४ला पुरी झाली, आणि शेवटची ब्रिटिश पलटण २८ फेब्रुवारी १९४८ला तिच्याखालून बोटीवर चढून गेली. एवढं सांगितलं, फोटो काढला की झालं. कबुतरं तेवढी सांभाळा.

हुतात्मा चौकात मात्र बस सिग्नलला जेवढी थांबेल तेवढंच दर्शन, असा प्रकार असतो. ते चालवून घेऊ नका, खाली उतरा. २१ नोव्हेंबर १९५५ला इथेच, फ्लोरा फाउंटनवर, संयुक्त महाराष्ट्रासाठी मोर्चा आला आणि गोळीबार झाला. मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. पुढच्या जानेवारीत नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं आणि पुन्हा गोळ्या चालल्या. आम्ही लहानपणी १०५ हुतात्मे म्हणायचो, पुढे १०६ झाले, आता १०७ म्हणतात. स्मारकावरच्या दोन माणसांकडे मुलाला नीट बघायला लावा. हातात मशाल धरलेले ते दोघे कोण? एक शेतकरी, एक कामगार. पुढारी नाहीत, मंत्री नाहीत. गिरणीतून सुटलेला माणूस आणि गावाकडचा त्याचा भाऊ. कराडच्या घरात हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

आता गावदेवीची बाजू. इथे गुडघ्यांना त्रास नाही. रस्ते सपाट आहेत, झाडं आहेत, मणिभवन ते ऑगस्ट क्रांती मैदान हे अंतर हळूहळू चालूनही फार नाही. मणिभवन म्हणजे लॅबर्नम रोडवरचं रेवाशंकर झवेरींचं घर. १९१७ ते १९३४ गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. जिने मात्र आहेत. वडिलांना खाली ग्रंथालयात बसवा, मुलाला वर पाठवा. वरच्या गच्चीवर तंबू ठोकून गांधीजी झोपले होते आणि ४ जानेवारी १९३२च्या पहाटे पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. गच्ची दाखवली की पोरांना ही गोष्ट लक्षात राहते, हा माझा अनुभव. काचेच्या पेटीतल्या बाहुल्यांचे देखावे बघून ती जांभया देतात.

मैदानाबद्दल एक कबुली. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन गवालिया टँक मैदानावर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर झालं असं मी कितीतरी वर्षं वर्गात बेधडक सांगत होते. ते झालं शेजारच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत, २८ डिसेंबर १८८५ला, ७२ प्रतिनिधी जमवून. खरं तर ते पुण्याला व्हायचं होतं, तिथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईत आलं. एका सहकारी बाईंनी मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दुरुस्त केलं तेव्हा कान लाल झाले होते. मैदान गाजलं ते ८ ऑगस्ट १९४२ला. गांधीजी आधी हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी पकडले गेले, गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसला, नेहरू वगैरे मंडळी अहमदनगरच्या किल्ल्यात, आणि मैदानावर झेंडा फडकवला तो अरुणा असफ अलींनी. त्यानंतरचं काम नव्या पोरांवर आलं. तिशीही न गाठलेल्या उषा मेहतांनी याच भागात जागा बदलत गुप्त रेडिओ चालवला, नोव्हेंबरात पकडल्या गेल्या. मोबाइलवर दिवसभर काहीतरी पाठवणाऱ्या नववीतल्या मुलाला ही गोष्ट गांधीजींच्या भाषणापेक्षा जवळची वाटेल.

चौपाटीला टिळकांचा पुतळा आहे, तिथे भेळ खा. १ ऑगस्ट १९२०ला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात ते गेले आणि या वाळूत त्यांना अग्नी दिला. समुद्र, पुतळा, भेळ यांत वडिलांना बसायला बाक मिळतो, तेही महत्त्वाचं.

आणि आता टूरवाल्याच्या यादीत नसलेला थांबा. बस सहाला सोडते तेव्हा परतू नका. टॅक्सी करून परळला जा. पोयबावडीची बी.आय.टी. चाळ बघा. डॉ. आंबेडकर वीस-बावीस वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहिले. कुलाब्याच्या बंगल्यात नाही, गिरणी कामगारांच्या शेजारात. तिथे आजही लोक राहतात, खिडक्यांतून डोकावू नका. बाकी काय दाखवायचं ते मी सांगत नाही. कुठली गिरणी, कुठला भोंगा, कुठल्या कोपऱ्यावर चहा, कामगार मैदानात कुणाची सभा ऐकली, हे वडील सांगतील. जिथे त्यांची गिरणी होती तिथे कदाचित काचेची इमारत असेल. त्यांना तिथे किती वेळ थांबायचंय ते त्यांच्यावर सोडा.

व्यवहाराचं. महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे न झोपता येऊन तसंच बसमध्ये चढू नका. आदल्या दिवशी या, दादरला एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा. पाण्याच्या बाटल्या, टोपी, वडिलांची गोळी आणि एक घडीचं स्टूल. हसू नका, स्टूल मी स्वतः वापरते. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा : गाईड मराठीत बोलणार का, प्रत्येक ठिकाणी उतरवणार का, आणि सगळ्या ठिकाणी आत प्रवेश आहे का. चार ठिकाणं नीट बघण्यासाठी दोन गाळावी लागली तर गाळा, गेटवे पहिलं.

प्रश्न : हुतात्मा चौक आणि चैत्यभूमी १ मे आणि ६ डिसेंबरला बघितली तर जास्त अर्थपूर्ण होईल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : १ मेला हुतात्मा चौकात पुष्पचक्रं वाहिली जातात, पोलिसांचे अडथळे असतात, सहलीला जागा नसते. सकाळचा कार्यक्रम उरकल्यावर, उन्हं कलल्यावर गेलात तर बरं. ६ डिसेंबरला दादरला लाखो माणसं अभिवादनाला येतात, पिशवीत भाकरी बांधून, रात्रभर रांगेत उभी राहून. त्या दिवशी अभिवादनाला जायचं असेल तर जरूर जा आणि तुम्हीही रांगेत उभे राहा. ‘बघायला’ जायचं असेल तर दुसरा कुठलाही दिवस निवडा. ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांवर तिथेच अंत्यसंस्कार झाले, ती जागा शांतपणे बघायला आठवड्यातली कुठलीही सकाळ चालते. पुस्तकं विकत घ्यायची असतील तर मात्र ६ डिसेंबरच, इतकी स्वस्त आणि इतकी दुर्मीळ एकत्र कुठे मिळत नाहीत.

प्रश्न : गाईड चुकीचं सांगत असेल तर टोकावं का? आम्ही ठाण्याचे, गेल्या महिन्यात एका सहलीत गाईडने बाबू गेनूंना गोळी लागली असं सांगितलं. मी गप्प बसलो, पण डोकं दुखलं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : डोकं दुखणं साहजिक आहे. १२ डिसेंबर १९३०ला काळबादेवीत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू आडवे पडले आणि लॉरी अंगावरून गेली. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंग्याचे, तेही गिरणीतले.

मी पूर्वी टोकायची. एका सहलीत गाईड म्हणाला, काँग्रेस मणिभवनात स्थापन झाली. मी सगळ्या बससमोर त्याला दुरुस्त केलं. बिचारा जेमतेम बावीस वर्षांचा. त्यानंतर दिवसभर तो फक्त ड्रायव्हरशी बोलला आणि आम्हा चाळीस जणांना चौपाटीपर्यंत काहीच कळलं नाही. नुकसान आमचंच. आता मी जेवणाच्या वेळी शेजारी जाऊन बसते आणि विचारते, ‘तुम्ही ते कुठे वाचलंत? मला वाटत होतं, असं होतं.’ दहांतले सात जण वही काढतात. मागच्या वेळी एकाने मलाच विचारलं, ‘काकू, पी. जे. हॉल म्हणजे काय हो?’ मग मी त्याला लॅमिंग्टन रोडजवळच्या काँग्रेस हाउसच्या आवारात घेऊन गेले. पी. जे. म्हणजे पीपल्स जिना. १९१८च्या डिसेंबरात गव्हर्नर विलिंग्डनच्या निरोपाच्या ठरावाविरुद्ध जिनांनी टाउन हॉलमध्ये दंगा केला, म्हणून मुंबईकरांनी वर्गणी काढून त्यांच्या नावाने हॉल बांधला. तो पोरगा हॉलचं नाव दोनदा मोठ्याने म्हणाला, मग वहीत लिहून घेतलं.