जलपर्णी काढण्याआधी पाण्याखाली बघा

तुमच्या तळ्याबद्दल तुमचे प्रश्न दोन आहेत. चाचणीत नायट्रेट-फॉस्फेट बेताचंच निघालं, तरी पाण्याखालच्या वनस्पती का गेल्या? आणि आता पसरलेली जलपर्णी काढायची, की पाणी शुद्ध करते म्हणून राहू द्यायची?

एका चाचणीवर भिस्त ठेवू नका. बाटलीतलं पाणी त्या घटकेचं असतं. वनस्पतींच्या अंगावर मागच्या कित्येक महिन्यांच्या खुणा असतात. सांडपाण्यातून आलेलं फॉस्फेट सूक्ष्म शैवालं भराभर शोषतात, बरंचसं गाळाला चिकटतं, आणि पाण्यात विरघळलेलं थोडंच सापडतं. न गाळलेल्या नमुन्यातला एकूण फॉस्फरस मोजून घ्या.

पाण्याखालच्या वनस्पती बहुतेक वेळा उपासमारीनं मरतात, आणि ती उपासमार उजेडाची असते. पोषकद्रव्यं वाढली की आधी पानांवर शैवालाचा बुळबुळीत थर बसतो, मग पाणीच हिरवं होतं. कारासारख्या (हे खरं तर झाडासारखं दिसणारं शैवाल) तळालगत वाढणाऱ्या वनस्पती लवकर जातात. हायड्रिला आणि सेरॅटोफायलम टिकतात, कारण त्या उंच वाढून पृष्ठभागाशी पानांचा दाट थर करतात. सेरॅटोफायलमला तर खरी मुळंच नसतात, ते अन्न थेट पाण्यातून घेतं. म्हणून ‘हायड्रिला भरपूर आहे, म्हणजे तळं ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. किती प्रजाती उरल्यात आणि त्या किती खोलीपर्यंत दिसतात, हे पाहा.

उजेड मोजायला 20 सेंमी व्यासाची काळी-पांढरी सेकी चकती पुरते. दोरीवर सेंटिमीटरच्या खुणा करा, दुपारच्या सुमारास होडीच्या सावलीच्या बाजूनं चकती सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घ्या. ढोबळमानानं या आकड्याच्या दुपटीपर्यंत पाण्याखालची वनस्पती तग धरू शकते. 40 सेंमी आलं आणि पाणी दीड मीटर खोल असेल, तर तळाशी काही रुजेल ही आशा सोडा. त्यात एकदा मुळं गेली की गाळ मोकळा होतो, वाऱ्यानं ढवळला जातो आणि पाणी आणखी गढूळ होतं. म्हणूनच सांडपाणी थोडंसं कमी करून वनस्पती परत येत नाहीत. पोषकद्रव्यांच्या ज्या पातळीला त्या गेल्या, त्याहून बरंच खाली यावं लागतं.

उजेड पुरेसा असूनही झाडं खालावत असतील तर मुळं उपटून बघा. पाणकणीस, बोरू यांच्या खोडांत हवेच्या पोकळ्या असतात; त्यांतून ऑक्सिजन मुळांपर्यंत जातो आणि थोडा बाहेरच्या चिखलातही झिरपतो. तिथे लोहाचा तांबूस-तपकिरी थर जमतो, ते चांगलं लक्षण. मुळं काळी, मऊ आणि सडक्या अंड्याचा वास असेल तर गाळात सल्फाइड साचलंय आणि मुळांना श्वास पुरत नाही. पिवळेपणाही नीट वाचा. जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय. कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोह मिळत नाही, आणि त्यामागे तांबं किंवा जस्त यांसारख्या धातूचा अतिरेक असू शकतो. पानांची टोकं करपली असतील तर पाण्याचा खारेपणा तपासा; तो विद्युतवाहकतेवरून कळतो.

सांडपाण्यातल्या अमोनियाचा नमुना फक्त सकाळी घेतला तर फसगत होते. 25 अंश सेल्सिअसला सामू (pH) 7 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. 8 ला सुमारे 5 टक्के, 9 ला 35 टक्क्यांच्या आसपास. हिरव्या पाण्यात शैवालं दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढतात आणि दुपारनंतर सामू 9 च्या वर जाऊ शकतो. म्हणून सामू दुपारी तीन-चारला मोजा, आणि विरघळलेला ऑक्सिजन पहाटे, कारण तेव्हा तो सर्वांत कमी असतो.

आता जलपर्णी. ती पोषकद्रव्यं आणि धातू शोषते हे खरं, पण ती बाहेर काढली तरच ते तळ्याबाहेर जातात. जागेवर कुजली की सगळं परत पाण्यात, वर ऑक्सिजनही संपतो. तणनाशक मारून अख्खा थर एकाच वेळी मारणं मला म्हणूनच अजिबात मान्य नाही. आधी येणारं सांडपाणी अडवा. नाही तर जलपर्णी काढल्यावर मोकळ्या झालेल्या उजेडात सूक्ष्म शैवालं माजतात. मग वारा जिकडे थर ढकलतो त्या काठाकडून टप्प्याटप्प्यानं काढा. ढीग काठापासून लांब टाका, त्यातून गळणारं पाणी परत आत येता कामा नये. वजनाचा 90 टक्क्यांहून जास्त भाग पाणीच असतं, तेव्हा वाहतुकीआधी सुकवा. सुटलेल्या तुकड्यांतून ती पुन्हा फुटते आणि गाळातलं बी कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी फेरी हवीच.

जलपर्णीची मुळंही वाचण्यासारखी असतात: आखूड मुळं आणि रुंद, गर्द पानं म्हणजे अन्न मुबलक, लांब, जांभळट, पिसांसारखी मुळं म्हणजे पाण्यात अन्न कमी.

कारखान्याचं पाणी येत असेल तर काढलेल्या मालाचं खत किंवा चारा करण्याआधी धातू तपासा, मुळं आणि पानं वेगवेगळी. धातू बहुतेक मुळांत साठतात; एकत्र दळलेल्या नमुन्याचा आकडा दोघांबद्दलही काही सांगत नाही. मुळं नुसती धुऊन लोहाचा थर निघत नाही आणि त्या थरावर चिकटलेला धातूही मोजला जातो, तेव्हा थर काढून मोजलंय की तसंच, हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्या.